भट्टीवाल्यांनी बांधलेली फायरप्लेस

सोमवार, १४ ऑक्टोबर. सकाळी धुकं, मग स्वच्छ ऊन. भट्टीवाले मिस्त्री लाकडी खोली बघून गेले. ‘होईल’ म्हणाले. चहा दोनदा घेतला. अक्काचा फोन आला. पुढच्या महिन्यात येते म्हणाली, पण आठच दिवस. वरच्या न्हाणीघरातला नळ पुन्हा गळतो आहे.

वहिनींनी डायरीत टिपलेल्या त्या एका ‘होईल’साठी त्यांनी महिनाभर उंबरे झिजवले होते.

वहिनी म्हणजे अख्ख्या गल्लीच्या वहिनी. यजमान होते तेव्हा ते सगळ्यांचे दादा होते, म्हणून या सगळ्यांच्या वहिनी. दादा गेले, पण वहिनी वहिनीच राहिल्या. घर उंच आणि चिंचोळं. खाली बैठक आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि मधला जिना असा उभा की चढताना गुडघा हनुवटीला लागावा. मागे बाग, आणि बागेच्या टोकाला लाकडी ओंडक्यांची एक खोली. निवृत्तीनंतर दादांनी ती हौसेने उभी करून घेतली. तिथे बसून ते जुनी घड्याळं उघडायचे आणि बहुतेक वेळा उघडीच ठेवायचे. तेलकट हातांनी सारखे घरात येतात म्हणून वहिनींनीच भांडून तिथे मोरी आणि संडास करून घेतला. आता त्या खोलीत रिकाम्या कुंड्या होत्या, एक पलंग होता, आणि थंडीत तर माणसाने आत जायची सोयच नव्हती.

अक्का ही वहिनींची थोरली बहीण. ती राहायची ती इमारत पाडायची ठरली होती, आणि थंडी संपायच्या आत तिला दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं होतं. पुतण्या बोलावत होता. त्याच्याकडे लिफ्ट होती, गरम पाणी होतं, सगळं होतं. वहिनींकडे जिना होता.

“तो जिना मी चढले की थेट वरच जायची,” अक्का फोनवर म्हणाली.

“मग लाकडी खोलीत राहा ना. एकही पायरी नाही.”

“त्या खोक्यात? गारठून काडी होईल माझी.”

“हीटर लावते.”

“हीटरने माझं नाक कोरडं पडतं. तुला माहीत आहे.”

वहिनींना माहीत होतं. त्यांना हेही माहीत होतं की पुतण्या मुलगा चांगला, पण अक्का एकदा तिकडे गेली की वर्षातून एक फोन आणि एक फोटो. दादा गेल्यापासून संध्याकाळचा चहा त्या उभ्यानेच घेत, खिडकीपाशी. समोर बसून “साखर जास्त झाली” म्हणणारं कुणी नसलं की खुर्ची ओढायचंही मनात येत नाही. पण असलं काही फोनवर बोलायची दोघी बहिणींना सवय नव्हती. म्हणून वहिनी एवढंच म्हणाल्या, “मी तिथे फायरप्लेस करून घेते. मग तर झालं?”

“कर तर खरी. आठ दिवस राहून बघते. ऊब नसेल तर मी आपली पुतण्याकडे चालले.”

वहिनी हट्टाला पेटल्या. लोखंडी शेगड्या बसवणारा एक माणूस म्हणाला, माल वसंतात येईल. दुसऱ्याने लाकडी भिंती बघितल्या, कानाला हात लावला आणि टेप न उघडताच निघून गेला. शेवटी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याने भट्टीवाल्यांचं नाव काढलं.

“आमची जुनी भट्टी त्यांनीच बांधली होती,” तो म्हणाला. “आता आम्ही विजेची घेतली. म्हणून ते मला बघितलं की रस्ता ओलांडतात. माझं नाव नका सांगू.”

भट्टीवाले उंच, वाळलेले, आणि त्यांची डावी भुवई अर्धीच होती. तरुणपणी एका भट्टीत डोकं घालून बघताना उरलेली अर्धी जळली आणि ती परत उगवायला काही तयार झाली नाही. त्यामुळे ते गंभीरपणे बोलत असले तरी समोरच्याला वाटे, हे चेष्टा करताहेत. लहानपणी मामाच्या हाताखाली गेले ते थेट भट्ट्यांच्या पोटातच वाढले. गावातल्या बेकऱ्यांच्या भट्ट्या त्यांच्या, खानावळींच्या त्यांच्या. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीआधी त्यांनी सासऱ्यांच्या स्वयंपाकघरातली चूल न्याहाळली आणि “धूर मागे येतो ना?” म्हणून विचारलं, असं त्यांची बायको सगळ्यांना सांगते. पुढे एकेक बेकरी विजेवर गेली. मिस्त्री कुंपणाच्या भिंती बांधू लागले, मोरीला फरशा बसवू लागले. पण कुणी फरशांबद्दल विचारलं तर गप्प, आणि भट्टीबद्दल विचारलं तर थांबायचे नाहीत.

“वहिनी, या गावात दात असलेल्या प्रत्येक माणसाने माझ्या भट्टीतला पाव खाल्लाय,” पहिल्याच दिवशी ते म्हणाले. “आणि दात नसलेल्यांनी चहात बुडवून.”

वहिनींनी त्यांना मासिकातलं एक चित्र दाखवलं. रुंद तोंडाची फायरप्लेस, आत मोठ्या ज्वाळा, समोर खुर्ची. मिस्त्रींनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं, उलटंही करून बघितलं.

“तस्संच होईल,” ते म्हणाले. “तुम्ही निवांत राहा.”

काम सुरू झालं, आणि हे मात्र म्हणायला हवं की लाकडाशी मिस्त्रींनी कुठेही थट्टा केली नाही. जमिनीच्या फळ्या कापून त्यांनी थेट खालच्या मातीपासून दगडी चौथरा उचलला. विटांचा भार लाकडावर नको, आणि निखारा उडून पडला तरी दगडावरच पडायला हवा. चिमणी जिथून छपराबाहेर जाणार, तिथे ओंडके चांगले मागे कापले, मध्ये मोकळी जागा सोडली आणि दोन्ही बाजूंनी पत्रे ठोकले. “आग आणि लाकूड ही नवराबायको नव्हेत,” ते म्हणाले, “त्यांना अंतरावरच ठेवायचं.”

डबा घेऊन आलेली त्यांची बायको दारातून म्हणाली, “नवराबायकोचं तुम्हाला काय माहीत? तुम्ही कधी घरात असता का?”

भिंत वर येऊ लागली तशी वहिनी दिवसातून दहादा येऊन बघू लागल्या. भिंत जाड होती. नुसती जाड नव्हे, पलंग हलवावा लागला इतकी जाड. विटांच्या आड विटा, मध्ये वाळू, पुन्हा विटा. आणि तोंड? चित्रातल्या फायरप्लेसमध्ये वासरू उभं राहिलं असतं. इथे मांजराला वाकून जावं लागलं असतं. वर बुटकी, देखणी कमान.

“मिस्त्री, हे फार जाड नाही का होत?”

“जाड? वहिनी, भिंत बारीक असली तर तिला भिंत म्हणत नाहीत, पडदा म्हणतात.”

“आणि तोंड लहान वाटतंय.”

“तोंड लहानच बरं. माणसाचं काय आणि भट्टीचं काय.”

हे त्यांच्या बायकोने ऐकलं. तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. “वहिनी, एक सांगते. या माणसाने जन्मात माणसांसाठी काही बांधलेलं नाही. जे बांधलं ते पावासाठी.”

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर रोज कुंपणावरून डोकावत. त्यांना गल्लीत काहीही नवीन झालेलं सोसत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे. कमान पुरी झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने विचारलं, “वहिनी, पाव किती वाजता मिळतील? सकाळी का संध्याकाळी?”

वहिनी हसल्या आणि घरात जाऊन मासिकातलं चित्र पुन्हा एकदा बघून आल्या.

काम संपल्यावर विटा वाळवायला मिस्त्री रोज येऊन काटक्यांचा छोटासा जाळ करत. पहिली मोठी आग मात्र अक्का आल्यावरच, असा वहिनींचा हट्ट. अक्का आली ती शनिवारी. रात्र तिने बैठकीतल्या कोचावर काढली आणि सकाळी उठून आधी मान, मग कंबर आणि शेवटी कोच या तिघांबद्दल तक्रार केली. तिची बॅग लाकडी खोलीत नेऊन ठेवली होती. रविवारी सकाळी सगळे तिथे जमले. अक्का शालीत गुंडाळून खुर्चीत, वहिनी पलंगाच्या कडेला, मिस्त्रींची बायको दारापाशी. पोस्टमास्तर बोलावलं नव्हतं तरी स्वतःची खुर्ची घेऊन आले. मिस्त्रींनी धुतलेला सदरा घातला होता.

आग सुरेख पेटली. धुराचा एक धागासुद्धा खोलीत आला नाही. सगळा धूर शहाण्या मुलासारखा चिमणीतून वर गेला. ज्वाळा कमानीखाली गोल फिरून मागे जात होत्या आणि विटा आतून लालसर दिसत होत्या.

“वा!” पोस्टमास्तर म्हणाले.

मग सगळे ऊब येण्याची वाट बघत बसले.

मिस्त्रींनी लाकडं घातली. आणखी घातली. अक्काने हात पुढे केले, मग खुर्ची पुढे केली, मग पाय पुढे केले. बोलताना तोंडातून वाफ येत होती. मिस्त्रींच्या बायकोने पदर कानावर घट्ट ओढला. पोस्टमास्तरांनी आपली टोपी, जी आदराने काढून ठेवली होती, ती हळूच पुन्हा घातली.

“तापेल,” मिस्त्री म्हणाले.

टोपलीतली लाकडं तळाला गेली. खोली होती तशीच गार.

“चित्र छान आहे,” अक्का अखेर म्हणाली. “बघत बसावं असं आहे. आता हीटर लाव.”

मिस्त्री उठले आणि त्यांनी तळहात भिंतीवर ठेवला, बाहेरच्या बाजूने. विटा जेमतेम कोमट होत्या. त्यांनी भिंतीकडे बघितलं, कमानीकडे बघितलं, त्या लहानशा तोंडाकडे बघितलं. जणू ते सगळं दुसऱ्याच कुणी बांधलं होतं आणि ते तपासायला आले होते. अर्धी भुवई वर गेली ती वरच राहिली.

“वहिनी,” ते म्हणाले, “चुकलं. ही फायरप्लेस नाही. मी भट्टी बांधली.”

“म्हणजे?”

“चित्र डोळ्यांनी बघितलं, पण हात आपल्या वाटेने गेले. सगळी आग विटाच पिऊन टाकताहेत. बाहेर काय येणार?” त्यांनी हात चोळले. “उद्या फोडतो. पुन्हा बांधून देतो.”

पोस्टमास्तरांनी तोंड उघडलं, पण मिस्त्रींच्या बायकोने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी ते मिटलं. एरवी नवऱ्याला टोमणा मारायची एकही संधी न सोडणारी ती बाई खाली वाकली आणि सांडलेल्या काटक्या गोळा करू लागली.

अक्काने तिथूनच पुतण्याला फोन लावला. “बुधवारी ये मला न्यायला,” म्हणाली. “नाही रे, बरी आहे. थंडी आहे, बाकी काही नाही.”

जाताना मिस्त्रींनी एक गोष्ट केली, सवयीने. भट्टी उघडी टाकून जायची नाही, हे मामाने त्यांच्या अंगात भिनवलं होतं. त्यांनी सगळे निखारे ओढून लोखंडी बादलीत घेतले, बादली बागेत नेऊन ठेवली, आत एकही ठिणगी उरली नाही हे वाकून बघितलं. मग तोंडाला झाकण लावलं आणि चिमणीची झडप बंद केली. ज्या भिंतीला ते उद्या फोडणार होते, तिच्यावरची राखसुद्धा त्यांनी फडक्याने पुसली.

दुपारी दोघी बहिणी जेवल्या. म्हणजे ताटांशी बसल्या.

“तुला राहायचंच नव्हतं,” वहिनी म्हणाल्या.

“माझ्या गुडघ्यांना विचार.”

“गुडघ्यांचं काय घेऊन बसलीस! निमित्त हवं होतं तुला.”

“मी काय त्या भिंतीत पाणी ओतलं?” अक्का उठली. “बॅग भरते मी. बुधवारी घाई नको.”

ती बागेतून हळूहळू लाकडी खोलीकडे गेली. वहिनींनी भांडी घासली. घासलेली पुन्हा घासली. गळणाऱ्या नळाखालची बादली रिकामी केली. अक्का परत आली नाही. रुसून बसली असेल, असं म्हणून त्यांनी कपाटातले टॉवेल बाहेर काढले, घड्या मोडल्या आणि पुन्हा घातल्या. तरी अक्का आली नाही. तेव्हा मात्र त्यांच्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. खोली गार, बाई म्हातारी, चक्कर येऊन पडली तर कुणाला कळणार? त्यांनी चहा टाकला, कारण रिकाम्या हाताने समेट करायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि दोन कप घेऊन बागेतून जवळजवळ धावतच निघाल्या. निम्मा चहा बशीत सांडला.

दार ढकललं आणि त्या जागीच थांबल्या.

अक्काची शाल पलंगावर होती. स्वेटर खुर्चीवर होता. मोजे जमिनीवर, एक इकडे आणि एक तिकडे. आणि अक्का पोलक्यात, भिंतीला पाठ लावून उभी होती. डोळे मिटलेले. म्हैस झाडाला पाठ घासते तशी ती संथपणे, वर-खाली, वर-खाली पाठ घासत होती.

“अक्का!”

अक्काने एक डोळा उघडला. “दार लाव आधी. ऊब जाते.”

वहिनींनी दार लावलं, कप ठेवले आणि हात भिंतीवर ठेवला. भिंत गरम होती. तव्यासारखी नव्हे. ताप उतरलेल्या मुलाच्या कपाळासारखी. सगळी भिंत, खालपासून वरपर्यंत, आणि सगळी खोली. खिडकीच्या काचेवरचं दव वाळून गेलं होतं.

“कधीपासून?”

“मी आले तेव्हा जरा बरं वाटलं. म्हटलं, टेकावं क्षणभर. मग टेकलेच.” अक्का थोडी डावीकडे सरकली. “तूही टेक. इथे नको, ही जागा माझी. तिकडे टेक.”

वहिनी टेकल्या. दोघी बहिणी भिंतीला पाठ लावून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलींसारख्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या आणि उरलेला चहा प्यायल्या.

“साखर जास्त झाली,” अक्का म्हणाली.

वहिनी हसल्या आणि पदराने बशीत सांडलेला चहा पुसू लागल्या.

मग त्यांनी मिस्त्रींच्या घरी फोन केला. बायकोने उचलला. “ते भिंतीकडे तोंड करून पडलेत,” ती म्हणाली. “जेवले नाहीत. मी म्हटलं, अहो, पाव तर फुगला असता ना त्यात? तर आणखीनच रागावले.”

“त्यांना म्हणावं, पटकन या.”

मिस्त्री आले ते छिन्नी-हातोडा घेऊनच. बायको मागोमाग. दारात पाऊल टाकताच ते थबकले. हातोडा खाली ठेवला, भिंतीपाशी गेले आणि तिला गाल लावून उभे राहिले.

“सकाळी प्यायलेली ऊब भिंत आता देते आहे,” ते स्वतःशीच म्हणाले. “अगदी पावाला देते तशी. सावकाश.” मग ते वळले. पाठ ताठ झाली, हात मिशीकडे गेला. “मी म्हटलं नव्हतं, तापेल?”

“नाही!” तिन्ही बायका एकदम म्हणाल्या.

“म्हटलं होतं. सगळ्यांसमोर म्हटलं होतं.”

“झालं,” त्यांच्या बायकोने कपाळाला हात लावला. “आता हे गावभर सांगत फिरणार की मुद्दामच केलं.”

कुंपणावरून आवाज आला, “वहिनी, काय झालं? फोडताय का?”

“पोस्टमास्तर, इकडे या आणि पाठ लावून बघा,” अक्काने आतूनच सांगितलं. “पण टोपी काढून या, घाम येईल.”

पोस्टमास्तर आले, त्यांनी पाठ लावली आणि बराच वेळ त्यांना परत जायचं सुचलंच नाही. शेवटी निघताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की मिस्त्रींना पुढच्या आठवड्यात वेळ असतो का. मिस्त्री म्हणाले, बघावं लागेल, हल्ली कामं फार आहेत. बायको खोकली.

सगळे गेल्यावर अक्काने फोन मागितला. वहिनी मुद्दाम खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभ्या राहिल्या, पण कान आतच होते.

“बुधवारी येऊ नकोस,” अक्का पुतण्याला सांगत होती. “हो, बरी आहे. नाही रे, थंडी कसली? मी पोलक्यावर बसलेय... अरे, तुझी लिफ्ट चांगलीच आहे, मी नाही कुठे म्हणते? लिफ्टला पाठ लावता येते का, सांग. मग! माझं सामान तू इकडे पाठवायचं बघ. सगळं. हो, कपाटसुद्धा.” तिने फोन ठेवला आणि वहिनींच्या पाठीला म्हणाली, “अगं धाकटे, तो पलंग तिकडून इकडे ओढ. डोकं खिडकीकडे नको, भिंतीकडे हवं मला. आणि मुसमुसू नकोस, नाक पूस.”

“मी मुसमुसत नाही.”

“मग ओढ.”

पलंग जड होता. दोघींनी मिळून तो ढकलला, एकदा पायावर घेतला, एकमेकींवर ओरडल्या, आणि भिंतीशी नेऊन भिडवला. अक्का त्यावर आडवी झाली आणि तिने पाठ भिंतीकडे केली.

त्या संध्याकाळी वहिनींनी लिहिलं:

रविवार, १७ नोव्हेंबर. कोरडी थंडी. फायरप्लेस सकाळी पेटवली, चालते. रात्रीच्या जेवणाला अक्काने दोनदा भात घेतला. लाकडाची एक गाडी सांगितली. गुरुवारी येईल. मार्चपर्यंत पुरावी.